यादीबरोबर चाळणीही जाहीर व्हावी

गावाच्या कारभारात यादीला फार मोठे स्थान आहे. बियाण्याचे अनुदान, पीकविमा, ठिबक सिंचन, नुकसानभरपाई यांपैकी कोणतीही योजना घेतली तरी ती शेतकऱ्याच्या दारी पोचते ती यादीच्या वाटेने. यादीत नाव असेल तर योजना आहे. नाव नसेल तर ती कितीही चांगली असली तरी त्या शेतकऱ्यापुरती नाहीच. असे असूनही यादी कशी झाली, हा प्रश्न गावात क्वचितच विचारला जातो. "तुमचे नाव यादीत नाही," एवढे उत्तर मिळाले की शेतकरी माघारी फिरतो. फार तर, "संगणकाने काढले," असे त्याला सांगण्यात येते.

वस्तुतः संगणक आपण होऊन कोणाचेही नाव काढीत नाही किंवा घालीत नाही. त्याला जी अट लिहून दिली असेल ती तो ओळीमागून ओळीस लावतो. ज्या ओळी अटीत बसतात त्या एका बाजूस आणि बसत नाहीत त्या दुसऱ्या बाजूस, एवढेच त्याचे काम. खळ्यावर धान्य चाळताना चाळणीचे भोक केवढे आहे हे प्रत्येकास दिसते. यादीच्या चाळणीचे भोक मात्र कोणासच दिसत नाही. खरी अडचण येथेच आहे. यास्तव गावपातळीवरील नोंदी साध्या मजकूर फाइलींत ठेवाव्यात, त्यांतून यादी काढण्याची अट एका छोट्या आज्ञावलीत लिहून ठेवावी, आणि यादी जाहीर करताना ती अटही यादीशेजारी लावावी, हे अगत्याचे झाले आहे.

नोंद, रकाना आणि साधी फाइल

साधी मजकूर फाइल म्हणजे जिच्यात अक्षरे व अंक यांखेरीज दुसरे काहीही नाही अशी फाइल. तीत रंग नाहीत, चौकटी नाहीत, दडवलेली सूत्रे नाहीत. एका ओळीत एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत ठरलेल्या क्रमाने रकाने, हा तिचा एकमेव नियम. दोन रकान्यांमध्ये उभी रेघ द्यावी. स्वल्पविराम दिल्यास पत्त्यातील किंवा नावातील स्वल्पविरामाने रकाना मध्येच तुटण्याचा धोका राहतो. नमुन्यादाखल चार कल्पित नोंदी पुढे दिल्या आहेत. त्यांतील रकाने अनुक्रमे खाते क्रमांक, गट क्रमांक, हेक्टरमधील क्षेत्र, पीक आणि सिंचन असे आहेत.

४१|१२/३|०.८०|सोयाबीन|विहीर
४१|५७|१.५०|तूर|कोरडवाहू
४२|१८|२.००|कापूस|कोरडवाहू
४३|६३/१||मूग|विहीर

शेवटच्या नोंदीत क्षेत्राचा रकाना रिकामा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. अशी नोंद प्रत्येक गावाच्या दप्तरात सापडते, आणि पुढील विवेचनात तिचा उपयोग होणार आहे.

अशी फाइल कोणत्याही संगणकावर, फार काय साध्या मोबाइलवरही उघडते. ती वाचण्यासाठी विशिष्ट कंपनीचे साधन विकत घ्यावे लागत नाही. दहा वर्षांनी कार्यालयातील यंत्रे बदलली तरी ती वाचता येते. जुन्या वहीत आणि या फाइलीत तत्त्वतः काही भेद नाही. वहीतील ओळी डोळ्यांनी निवडाव्या लागतात, फाइलीतील ओळी आज्ञावली निवडते, इतकाच काय तो फरक.

आज्ञावली म्हणजे लिहून ठेवलेली अट

ज्याला संगणकाच्या व्यवहारात स्क्रिप्ट म्हणतात ती छोटी आज्ञावली म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. ह्या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक साधन 'ऑक' या नावाने ओळखले जाते. १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन या तिघांनी ते तयार केले आणि तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत ते बहुधा आधीच असते आणि इतरत्रही विनामूल्य मिळते. २०२३ साली त्याच्या कर्त्यांनी त्यावरील आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. जवळजवळ अर्धे शतक टिकलेले हे साधन आहे.

त्याची रीत शेतकऱ्याला सहज उमगेल अशी आहे. ते फाइलीतील एक ओळ उचलते, विभाजकाच्या खुणेवर तिचे रकाने पाडते, त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक देते, आणि दिलेली अट त्या ओळीस लागू पडते काय ते पाहते. लागू पडल्यास सांगितलेली कृती करते. न पडल्यास पुढील ओळीकडे वळते. आज्ञावलीत म्हणून दोनच गोष्टी असतात, अट आणि कृती. "तिसरा रकाना दोन किंवा दोनाहून कमी असल्यास संपूर्ण ओळ नव्या फाइलीत उतरावी," हे मराठी वाक्य ऑकच्या भाषेत लिहिल्यास अर्ध्या ओळीत मावते. मूळ फाइल जागची हालत नाही. निवड नव्या फाइलीत होते. हा त्यातील मोठा गुण होय.

मूळ यादी अखंड ठेवण्याचे महत्त्व

हा गुण किती मोलाचा आहे हे एका सर्वपरिचित उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. त्या वेळी वर्षाला ६,००० रुपयांचे साहाय्य ज्या शेतकरी कुटुंबाची एकत्रित जमीन २ हेक्टरपर्यंत असेल अशांपुरतेच होते. १ जून २०१९ पासून जमिनीची ही मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि काही वगळलेले वर्ग सोडून सर्व जमीनधारक कुटुंबे पात्र ठरली. म्हणजे अवघ्या चार महिन्यांच्या आत चाळणी बदलली.

आता दोन गावांची कल्पना करावी. पहिल्या गावाने अट ऐकताच २ हेक्टरांवरील खातेदार यादीतून खोडून टाकले आणि उरलेली यादी तेवढी जपून ठेवली. दुसऱ्या गावाने सर्व खातेदारांची मूळ फाइल अखंड ठेवली आणि आज्ञावलीने २ हेक्टरांपर्यंतचे खातेदार वेगळ्या फाइलीत काढले. मर्यादा उठताच पहिल्या गावाला वगळलेल्या खातेदारांची माहिती पुन्हा दारोदार फिरून गोळा करावी लागेल. दुसऱ्या गावाला आज्ञावलीतील एक अट तेवढी काढावी लागेल. नोंद आणि निवड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंद एकदाच नीट करून ठेवावयाची असते. निवड योजनेगणिक बदलते. या दोहोंची गल्लत झाली की काम वाढते, आणि कोणा ना कोणाचे नावही गळते.

'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी'

अट लिहून काढावी लागते म्हणून ती नेमकी करावी लागते, हा आज्ञावलीचा दुसरा उपयोग. अल्पभूधारक म्हणजे कोण, या प्रश्नाला गावात "दोन हेक्टरवाला" असे उत्तर मिळते. परंतु वरील नमुन्यातील खाते क्रमांक ४२ याचे क्षेत्र बरोबर २.०० हेक्टर आहे. तो अल्पभूधारक आहे की नाही? रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या व्याख्येनुसार १ हेक्टरहून अधिक आणि २ हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अल्पभूधारक. म्हणजे हा खातेदार त्यात बसतो. कृषिगणनेच्या वर्गवारीत मात्र २ हेक्टरांपासून पुढील, ४ हेक्टरांपर्यंतचा वर्ग सुरू होतो. म्हणजे तेथे हाच खातेदार अल्पभूधारकांतून बाहेर पडतो. दोन्ही व्याख्या आपापल्या कामासाठी योग्यच आहेत. प्रश्न इतकाच की गावाच्या यादीला यांतील कोणती लावली?

तोंडी कारभारात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्याच्या हाती लेखणी असेल तो आपल्या समजुतीप्रमाणे रेघ ओढतो, आणि शेजारच्या गावातील लेखणी दुसरीकडे रेघ ओढते. आज्ञावली लिहिताना मात्र 'पेक्षा कमी' किंवा 'कमी किंवा बरोबर' यांपैकी एक चिन्ह निवडल्यावाचून गत्यंतर नसते. जी गोष्ट मोघम राहिली असती ती आज्ञावलीमुळे लिखित होते, आणि लिखित झाली म्हणजे तिच्यावर हरकत घेता येते.

सातबारा आणि आठ-अ

याहून मोठी चूक ओळ आणि खातेदार यांची गफलत केल्याने होते. गाव नमुना सात-बारा हा जमिनीच्या तुकड्याचा, म्हणजे गटाचा उतारा आहे. एका खातेदाराची गावातील एकूण जमीन पाहावयाची झाल्यास गाव नमुना आठ-अ पाहावा लागतो. नमुन्यातील खाते क्रमांक ४१ च्या दोन ओळी आहेत. एकीत ०.८० हेक्टर, दुसरीत १.५० हेक्टर. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे '२ हेक्टरपर्यंत' या अटीत बसते. दोहोंची बेरीज २.३० हेक्टर होते, आणि ती अटीबाहेर जाते. ओळीओळीने चाळणारी आज्ञावली या खातेदारास दोनदा पात्र ठरवील, जेव्हा तो एकदाही पात्र नाही.

उपाय सोपा आहे. ऑकमध्ये आधी खात्यागणिक क्षेत्राची बेरीज करावयास सांगता येते आणि नंतर त्या बेरजेस अट लावता येते. तरीही एक मर्यादा उरतेच. आठ-अ हा एका गावापुरता असतो. शेजारच्या गावातील जमीन त्यात दिसत नाही. ही मर्यादा यादीखाली स्पष्ट लिहावी. जे यंत्राला ठाऊक नाही ते गावाला ठाऊक असते, आणि ग्रामसभेत यादी वाचून दाखविण्याचे प्रयोजन तेच आहे.

मराठी अंक आणि मराठी अक्षरे

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी आणखी काही गोष्टींची विशेष दक्षता घ्यावी. येथे नमुन्यातील अंक छपाईच्या रीतीप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. परंतु ज्या रकान्यावर गणित किंवा तुलना करावयाची त्यात फाइलीमध्ये इंग्रजी लिपीतील अंकच वापरावेत. ऑकसारख्या साधनास देवनागरी अंक ही संख्या वाटत नाही, निव्वळ अक्षरे वाटतात. मग तुलना सामान्यतः अक्षरांच्या क्रमाने होते आणि अर्धा हेक्टर जमीन असलेला खातेदारही '२ पर्यंत' या अटीतून गळतो. बळेच संख्या समजावयास सांगितल्यास ते साधन अशा रकान्याची किंमत शून्य धरते, आणि मग वीस हेक्टरांचा धनीही अल्पभूधारक ठरतो. दोन्ही वेळी यंत्र कुरकूर न करता यादी काढून देते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भागांत, मध्ये दोन ठिपके देऊन लिहिण्याची पद्धत आहे. तेही जसेच्या तसे फाइलीत घेऊ नये. दोन ठिपक्यांची संख्या नसते. म्हणून तीही अक्षरे समजली जाते. अक्षरांच्या क्रमाने पाहता 'दहा'तील पहिला अंक एक, आणि एक हा दोनाच्या आधी येतो. परिणामी १० हेक्टर २५ आर जमीन '२ हून कमी' ठरते. तसेच १ हेक्टर म्हणजे १०० आर. तेव्हा ८ आर क्षेत्र ०.०८ असे लिहावयाचे, ०.८ असे नव्हे. एका शून्याच्या आळसाने आठ आर जमिनीचे ऐंशी आर होतात.

नावांच्या बाबतीत तर चाळणी लावण्याचा मोह आवरावाच. एकाच आडनावातील 'टी' एका दप्तरात ऱ्हस्व तर दुसऱ्यात दीर्घ असते. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशा शब्दांतील ऱ्ह संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण आज्ञावलीस ते दोन भिन्न शब्द वाटतात. जुन्या 'शिवाजी'सारख्या फाँटांत टंकलेला मजकूर तर आत मराठी नसतोच. मराठी आकार तेवढे पडद्यावर दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा. आणि निवड किंवा जुळणी करावयाची ती नावावरून न करता खाते क्रमांक, गट क्रमांक यांवरून करावी. नाव माणसाने वाचण्यासाठी. क्रमांक यंत्राने जुळविण्यासाठी.

तक्त्याच्या फाइली का पुरेशा नाहीत

कार्यालयातून आज हे काम बहुधा तक्त्याच्या फाइलींत होते, आणि तेथेही चाळणीची सोय असते, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. तक्ता डोळ्यांना सोपा आहे, आणि बेरजा पाहण्यास चांगला आहे. पण त्यात लावलेली चाळणी पुढे कोणास दिसत नाही. कोणत्या रकान्यावर कोणती खूण केली, मध्येच कोणती ओळ हाताने पुसली, याचा मागमूस छापील यादीत राहत नाही. दुसऱ्याने तेच काम पुन्हा करून पाहावे म्हटले तर तेच उत्तर येईल याची हमी नसते.

शिवाय तक्ता आपल्या बुद्धीने मजकूर बदलतो. गट क्रमांक १२/३ तेथे टंकला की तो तारीख होऊन बसतो. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य नाहीसे होते. ही अडचण खेड्यापुरतीच आहे असे नव्हे. मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावे बदलली, कारण तक्त्याची फाइल त्या नावांच्या तारखा करीत असे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या साथीत जुन्या पद्धतीच्या तक्त्याची फाइल भरली, तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची असल्याने पुढील ओळी आत आल्याच नाहीत, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण वेळीच्या गणतीत आले नाहीत. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्यास त्यामुळे उशीर झाला. ओळी गळल्या हे कोणी मोजले नव्हते.

चाळणीवर राहिलेलाही माल पाहावा

बियाणे चाळणारा शहाणा शेतकरी खाली पडलेले दाणे जसे पाहतो तसे चाळणीवर राहिलेलेही मुठीत घेऊन पाहतो. यादीच्या कामी हीच शिस्त लावावी. आज्ञावलीने एक फाइल न काढता तीन काढाव्यात. पहिली पात्र नोंदींची, दुसरी अपात्र नोंदींची, आणि तिसरी संशयास्पद नोंदींची. तिसरीत अशा सर्व ओळी याव्यात की ज्यांतील आवश्यक रकाना रिकामा आहे, ज्यांत संख्येच्या जागी संख्या नाही, किंवा ज्यांतील रकान्यांची गणती चुकते.

नमुन्यातील खाते क्रमांक ४३ ची जागा तेथे आहे. त्याचे क्षेत्र कोणी लिहिलेच नाही. साधी अट लावल्यास रिकाम्या रकान्याची गणना दोनाहून कमीतच होते आणि ती नोंद गुपचूप पात्र ठरते. अट उलट्या बाजूने लिहिली असती, म्हणजे '२ हेक्टरांहून अधिक' असे म्हटले असते, तर तीच नोंद गुपचूप अपात्र ठरली असती. दोन्ही निकाल चुकीचे आहेत. खरा निकाल एकच: माहिती अपुरी आहे, जाऊन विचारावे. तिसरी फाइल म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या फेरीची यादी होय.

यानंतर तिन्ही फाइलींतील ओळींची बेरीज मूळ फाइलीतील ओळींइतकी येते काय ते पाहावे. न आल्यास यादी बाहेर जाऊ देऊ नये. तसेच चाळणी खऱ्या फाइलीस लावण्यापूर्वी वरच्यासारख्या चार-सहा नमुना ओळींवर चालवून पाहावी: एक नक्की पात्र, एक नक्की अपात्र, एक बरोबर सीमेवरची, एक रिकाम्या रकान्याची. उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग यंत्राचे उत्तर ताडून पाहावे. पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासावयाची आणि यादीपूर्वी चाळणी तपासावयाची नाही, हे योग्य नव्हे.

कायद्याचा आधार

यादीसोबत अटही जाहीर करावी ही मागणी केवळ सोयीची नाही; तिला कायद्याचा आधार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या अंमलबजावणीची रीत आणि लाभधारकांचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे. त्याच कलमात, ज्यांच्यावर परिणाम होतो अशा व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यावीत असेही म्हटले आहे. एखादे नाव यादीबाहेर राहिले तर त्याचे कारण त्या अटीतच असते. अट न दाखविता यादी दाखविणे म्हणजे कारण न देता निर्णय देणे होय.

मात्र प्रसिद्धीलाही मर्यादा आहे. मूळ फाइलीत आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाइल क्रमांक असतील तर ते फलकावर जाता कामा नयेत. आधार क्रमांक सार्वजनिक रीतीने झळकविण्यास २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई आहे. आज्ञावलीस ओळी निवडता येतात तसे रकानेही निवडता येतात. फलकावर खाते क्रमांक, नाव आणि निकाल एवढेच जावे. बाकीचे दप्तरात राहावे.

हे काम करावे कोणी

गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या अंगावर आधीच कामाचा भार पुष्कळ आहे, त्यात आज्ञावल्या लिहिण्याचे काम कोठून घालावे, ही तक्रार रास्त आहे. पण आज्ञावली प्रत्येकाने लिहावी असे येथे सुचविलेले नाही. एका तालुक्यासाठी एकाने लिहिलेली आज्ञावली सर्व गावांना चालते, कारण रकान्यांचा क्रम सर्वत्र एकच ठेवता येतो. आता तर मराठीत अट सांगितली असता आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. कार्यकर्त्याचे काम त्याहून मोलाचे आहे. अट स्वच्छ मराठी वाक्यात लिहिणे, नमुना ओळींवर तिची परीक्षा घेणे, आणि तिसऱ्या फाइलीतील शेतकऱ्यांच्या घरी जाणे, ही तीन कामे यंत्राने करावयाची नाहीत; ती माणसानेच केली पाहिजेत.

संपूर्ण राज्याचे अभिलेख साध्या फाइलींत ठेवावेत, असाही याचा अर्थ नव्हे. जेथे शेकडो हात एकाच वेळी नोंदी करतात तेथे मोठ्या आधारसामग्रीच्या यंत्रणाच हव्यात. येथे प्रश्न आहे तो त्या यंत्रणांतून गावापर्यंत आलेल्या काही शे किंवा काही हजार ओळींचा. त्या ओळींना शेवटची चाळणी गावातच लागते, आणि अन्याय व्हावयाचा तो बहुधा याच शेवटच्या चाळणीत होतो.

शेतकरी बांधवांनीही एक सवय लावून घ्यावी. "माझे नाव का नाही?" एवढेच विचारून थांबू नये. "कोणती अट लावली, माझ्या ओळीत काय लिहिले आहे, आणि माझी ओळ तीन फाइलींपैकी कोणत्या फाइलीत आहे?" असे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रश्नाने अटीतील दोष कळेल, दुसऱ्याने नोंदीतील, तिसऱ्याने कामातील. या प्रश्नांची उत्तरे देता येतील अशा रीतीने ज्या गावात नोंदी ठेवल्या जातील, त्या गावात वाद होणार नाहीत असे नाही. परंतु वाद माणसामाणसांचा न राहता एका लिहिलेल्या ओळीचा होईल, आणि लिहिलेली ओळ दुरुस्त करता येते.

येत्या हंगामाच्या याद्या तयार होतील तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर यादीच्या शिरोभागी दोन ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात: कोणत्या दिवशीच्या नोंदींवरून यादी केली, आणि कोणती अट लावली. त्याखाली तीन आकडे असावेत: पात्र किती, अपात्र किती, चौकशीधीन किती. एवढ्या कामाला निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. लागते ती फक्त चाळणी उजेडात धरण्याची तयारी.